दिसला का हत्ती?

लवणस्तंभांच्या गुहेत माणसाला सगळं दाखवतात, लवणस्तंभ तेवढा दाखवत नाहीत. आंध्रातल्या अनंतगिरीच्या डोंगरात, अराकू खोऱ्याच्या वाटेवर, बोर्रा गुहा आहेत. जगन्नाथपुरी-विशाखापट्टणमची सहल करून परतलेल्या, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या एखाद्या कुटुंबाला विचारावं, बोर्ऱ्यात काय पाहिलं? शंकर-पार्वती पाहिले, ऋषीची दाढी पाहिली, मगर पाहिली, लेकराला घेतलेली आई पाहिली, माणसाचा मेंदू पाहिला, अळंब्या पाहिल्या, एक देऊळ पाहिलं आणि सर्वधर्मसमभाव म्हणून एक चर्चही पाहिलं. हत्ती तर अशा कोणत्याही गुहेत असतोच, तो सांगावाही लागत नाही. दगड पाहिला, असं मात्र कुणी म्हणत नाही. सुमारे ऐंशी मीटर खोल गेलेली, थेंबाथेंबानं घडलेली ही गुहा. तिच्यात उतरलेला माणूस प्राणिसंग्रहालय, देवस्थान आणि वैद्यकीय महाविद्यालय एकाच तिकिटात उरकून वर येतो. माझं म्हणणं असं की तिथली पाहण्याजोगी खरी गोष्ट या गर्दीत राहून जाते, आणि ती राहून जाण्याचं सर्वांत कमी कारण कुणाला असेल तर ते बदनापूरच्या माणसाला आहे.

आधी हे दाखवणं चालतं कसं ते पाहू. गाइडच्या हातात विजेरी असते आणि तोंडात तेलुगूच्या चालीवरची हिंदी. तो भिंतीवर उजेडाचा एक ठिपका टाकतो आणि म्हणतो, ‘वो देखो, हाथी.’ मग तीस माणसं माना वर करून गप्प होतात. ही शांतता भक्तीची नसते, परीक्षेच्या हॉलमधली असते. पुढे उभा असलेला एखादा निवृत्त गृहस्थ प्रथम ‘हां, हां!’ करतो. त्यानं केलं म्हणजे त्याच्या मागच्याला करावंच लागतं, कारण न दिसणं म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला असं सर्वांसमक्ष कबूल करणं. दोन मिनिटांत सगळ्या गटाला हत्ती दिसलेला असतो. एखादं पोरगं ‘कुठंय?’ म्हणून विचारतं, तेव्हा त्याचं मुंडकं धरून योग्य दिशेला वळवलं जातं. शेवटी आजी म्हणतात, ‘दिसली बाई सोंड!’ तोवर विजेरीचा ठिपका मगरीवर गेलेला असतो, पण आजींना काही फरक पडत नाही. त्यांनी सोंडेला हात जोडलेले असतात आणि ते मगरीला पोचतात.

बदनापूरच्या माणसाची यात विशेष पंचाईत होते, ती आपल्या जमिनीमुळे. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या या सगळ्या पट्ट्यात कुठेही विहीर खणा, आधी काळी माती लागते, मग मुरूम लागतो आणि मग काळा पाषाण लागतो. तो संपायचं नाव घेत नाही आणि विहीर खणणाऱ्याचं बजेट मात्र संपतं. हा सगळा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहिलेला लाव्हा. चुनखडक पाण्यात विरघळतो तसा हा काळा दगड विरघळत नाही. त्यामुळे पावसानं आपल्याला गुहा करून दिल्या नाहीत. हव्या होत्या तर छिन्नी घ्या आणि करा, असा निसर्गाचा निरोप होता. आपल्या लोकांनी तो मनावर घेतला. वेरुळात चौतीस लेण्यांना क्रमांक आहेत, आणि सोळाव्या क्रमांकाचं कैलास तर आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी कळसाकडून पायाकडे कोरत आणलेलं. दोन तासांच्या वाटेवर हे असल्यामुळे बदनापूरच्या शाळकरी पोरालाही गुहा म्हणजे कुणीतरी कोरलेली वस्तू हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो मोठेपणी बोर्ऱ्यात गेला की पहिला प्रश्न विचारतो, ‘हे कोणत्या राजानं कोरलं?’ गाइड म्हणतो, पाण्यानं. यावर आपला माणूस मान डोलावतो, पण मनातून त्याला वाटतं की राजाचं नाव याला माहीत नाही. कैलासाच्या अंगणात जो दगडी हत्ती उभा आहे, त्याची सोंड तुटली आहे आणि तरी तो हत्तीच आहे. बोर्ऱ्यात सोंड शाबूत असते, हत्तीचा पत्ता नसतो.

तरीही सगळं खापर गाइडवर फोडता येत नाही. नावं ठेवण्याची हौस वेरुळातही भागवली गेली आहे. दहाव्या लेण्याला लोक ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. ते बौद्ध चैत्यगृह आहे, सुताराचा संबंध एवढाच की छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत. चौदावं लेणं ‘रावण की खाई’ आणि एकोणतिसावं ‘सीता की न्हाणी’, म्हणजे रामायणाचा हा भाग आपल्याकडेच घडला असं मानायला हरकत नाही. अकराव्या लेण्याची गंमत वेगळीच. त्याला ‘दोन ताल’ म्हणायचे कारण दोन मजले दिसायचे. १८७६ मध्ये गाळ उपसल्यावर खाली तिसरा मजला निघाला. मजला वाढला, नाव होतं तेच राहिलं. गुहेत एकदा नाव दिलं की पुढे पुरावा काहीही निघो, नाव बदलत नाही.

बरं, ही सवय फक्त आपलीच असती तर आपण ती आपल्या भोळेपणाच्या खात्यात टाकली असती. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात लुरे इथं अशीच मोठी गुहा आहे. १८७८ मध्ये ती सापडली. वॉशिंग्टनच्या आसपास स्थायिक झालेली मराठी मुलं गावाकडून आलेल्या आई-वडिलांना जिथं जिथं हिंडवतात, त्या यादीत ती बसते. तिथं शंकर नाही, ऋषी नाही. तिथं लोकांना दाखवतात तळलेली अंडी. जमिनीवरचे दोन बुटके लवणस्तंभ फुटले, आतला पिवळसर गाभा उघडा पडला आणि भोवती पांढरं कडं राहिलं. झाली न्याहारी. शिवाय तिथं १९५०च्या दशकात एका हौशी माणसानं लवणस्तंभांवर रबरी हातोड्या बसवून अख्खं ऑर्गन वाद्य तयार केलं, आणि ते वाजतं. यावरून एवढंच सिद्ध होतं की गुहेतल्या भिंतीवर पाहणाऱ्याचं घर उमटतं. ज्याच्या देवघरात पिंड आहे त्याला पिंड दिसते, ज्याच्या सकाळच्या ताटलीत अंडं आहे त्याला अंडं दिसतं. दगड कुणाच्याच घरात नसतो, म्हणून तो कुणालाच दिसत नाही.

आता बदनापूरच्या माणसाकडे वळू. तो दगड इथल्या घरात नसेल, पण शेतात आहे. आपल्याकडे मोसंबीची बाग असलेला प्रत्येक जण चुनखडीच्या जमिनीला घाबरून असतो. माती परीक्षणाच्या कागदावर मुक्त चुन्याचा आकडा चढलेला दिसला की त्याचा चेहरा उतरतो, कारण अशा जमिनीत झाडाला लोह मिळत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात बोअरचं पाणी जड. ठिबकच्या ड्रीपरच्या तोंडाशी थेंब येतो, क्षणभर लोंबतो, सुटतो, आणि जाताना चुन्याचा अदृश्य पापुद्रा मागे ठेवून जातो. असे लाखो थेंब गेले की तोंडावर पांढरी खपली धरते आणि पुढच्या झाडाला पाणी पोचत नाही. मग शेतकरी नळ्यांतून आम्ल सोडतो, खपली फसफसून विरघळते, पाणी पुन्हा सुरू. बोर्ऱ्याच्या गुहेत जे घडलं ते अक्षरशः हेच आहे. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथल्या मुळांचा नि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि सौम्य आम्ल होतं. ते आम्ल चुनखडक विरघळवत खाली उतरतं. हे निसर्गाचं आम्ल सोडणं. पुढे ते गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की वायू उडून जातो आणि चुना थेंबाच्या जागी बसतो. छताला बसला तर अधोमुखी लवणस्तंभ, थेंब पडून खाली साठला तर ऊर्ध्वमुखी. शाळेच्या भूगोलात ही दोन नावं सर्वांनी पाठ केलेली असतात आणि कोणतं वरचं, कोणतं खालचं हे पेपर संपेपर्यंत विसरलेलं असतं. थोडक्यात, बोर्रा म्हणजे कुणीही देखभाल न केलेलं, तुंबलेलं एक प्राचीन ठिबक आहे. घरी ज्या खपलीवर आपला माणूस आम्लाचा कॅन ओततो, तिचंच दर्शन घ्यायला तो एवढा प्रवास करून जातो, आणि तिथं त्याला सांगितलं जातं की ही ऋषीची दाढी आहे.

कुणी म्हणेल, ठिबकच्या खपलीला लवणस्तंभ म्हणणं जरा जास्तच झालं, लोंबणारा खांब कुठं आहे? तोही गावात आहे. कोणत्याही जुन्या सरकारी इमारतीच्या गच्चीखाली, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, वर्षानुवर्षं गळणारा स्लॅब शोधा. त्याच्या भेगेतून पेन्सिलीहून बारीक, पांढऱ्या, आतून पोकळ नळ्या लोंबताना दिसतील. तो अस्सल कॅल्शियम कार्बोनेट आहे. रसायन थोडं उलटं चालतं. गुहेतलं पाणी वायू सोडून चुना टाकतं, स्लॅबमधलं पाणी सिमेंटातला चुना घेऊन येतं आणि हवेतला वायू ओढून घट्ट होतं. पण वेग पाहाल तर गुहेनं लाजावं. गुहेतला खांब साधारणपणे हजार वर्षांत वीतभरही वाढत नाही. स्लॅबखालची नळी त्याच्या शेकडो पट वेगानं वाढते. आपल्या बांधकामाचा दर्जा निसर्गाला कुठे मागे टाकतो हे पाहायचं असेल तर ती हीच एक जागा. महाराष्ट्रात चुनखडक नाही असंही नाही. वणी-कोरपना भागात तो भरपूर आहे. आपण तिथं गुहा शोधत बसलो नाही, सिमेंटचे कारखाने उभारले. तो चुनखडक पोत्यांत भरून गावोगाव आला, त्याचे स्लॅब झाले आणि ते गळू लागले. म्हणजे लवणस्तंभ आपण घरपोच मागवून घेतले.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की लोक सहलीला मजा करायला जातात, रसायनशास्त्र शिकायला नाही. गाइडनं कॅल्शियम कार्बोनेट असा शब्द उच्चारला तर अर्धी मंडळी तिथूनच परत फिरतील. हा आक्षेप मराठवाड्यातल्या माणसाला न ओळखणाऱ्याचा आहे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून तुरीचं वाण निघालं, ‘बीडीएन ७११’. हे अक्षर-आकडे चहाच्या टपरीवर लोक सोयऱ्याच्या नावासारखे घेतात, किती दिवसांत येते आणि मर रोगाला कशी टिकते यावर तावातावानं वाद घालतात. जो माणूस वाणाचा क्रमांक, खताचं एनपीके आणि औषधाचं लिटरला किती मिली हे तोंडपाठ सांगतो, त्याला थेंबातून चुना कसा बसतो हे ऐकून झोप येईल असं मानणं म्हणजे त्याचा अपमान आहे. झोप येते ती सतराव्या हत्तीला.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा, आणि तो नीट ऐकला पाहिजे. बोर्ऱ्याची कथा अशी सांगतात, की डोंगरावर चरणारी एक गाय गुहेच्या छताच्या भोकातून खाली पडली आणि तिला काही झालं नाही. तिला शोधत आत गेलेल्या गुराख्याला शिवलिंगासारखा दगड दिसला. गुहेतून जाणाऱ्या नदीचं गोस्थनी हे नावही त्या गाईशीच जोडतात. आसपासच्या गावांतले आदिवासी तिथं पूजा करतात, महाशिवरात्रीला गर्दी होते. त्या पिंडीला माझा काडीचाही विरोध नाही. गुराख्याला ती दिसली तेव्हा तिकीट नव्हतं, गाइड नव्हता आणि कुणी ‘दिसली का?’ म्हणून खनपटीला बसलं नव्हतं. विरोध आहे तो नंतर भरती झालेल्या मंडळींना. मगरीची पूजा कुणी करत नाही, मेंदूला कुणी अभिषेक घालत नाही, आणि अळंबीला नवस बोललेला माणूस अजून जन्मायचा आहे. श्रद्धेच्या पदराखाली हे सगळं प्राणिसंग्रहालय आत घुसवणं हा पिंडीवरही अन्यायच आहे. तिची गणती मगर आणि अळंबीच्या मध्ये होते.

तिसरा आक्षेप अधिक बळकट. आकार दिसणं हा डोळ्याचा धर्मच आहे, ढगातही हत्ती दिसतो, मग गुहेतला का नको? दिसू द्या की. पण ढगाखाली उभं राहून कुणी विजेरी मारत नाही, आणि तुम्हाला हत्तीच्या जागी ट्रॅक्टर दिसला तर दुरुस्ती सुचवत नाही. ज्याला जे दिसतं ते त्यानं पाहावं. बदनापूरच्या बैलपोळ्यात वाढलेल्या पोराला तिथं वशिंड दिसेल, त्याच्या बहिणीला लोंबणाऱ्या शेवया दिसतील. गाइडनं आधीच हत्ती जाहीर केला की वशिंड मेलं. म्हणजे आकार पाहण्याची मजा हवी असेल तरी नावं सांगू नयेत हेच बरं.

आणि माहितीही सांगितली जातेच की, असं कुणी म्हणेल. जाते. बोर्रा गुहा १८०७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या विल्यम किंग साहेबांनी शोधल्या, ही माहिती फलकापासून पर्यटनाच्या पुस्तिकेपर्यंत सगळीकडे फिरते. खुद्द ते खातं स्थापन झालं १८५१ मध्ये. खात्याच्या जन्माच्या चव्वेचाळीस वर्षं आधी कामावर हजर झालेला अधिकारी सरकारी नोकरीच्या इतिहासात दुसरा सापडायचा नाही. हत्तीची शहानिशा करत नाहीत ते ठीक, तो दगडाचा आहे. खात्याची तरी करायला हवी होती.

मग त्या दगडात पाहण्यासारखं आहे तरी काय? पाऊस. बोर्ऱ्याच्या वरच्या अंगाला, छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोरं आहे. तिथं कुटुमसर ही प्रसिद्ध गुहा, आणि तिच्या शेजारधर्मानं दंडक नावाची दुसरी. दंडक गुहेतला एक ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ शास्त्रज्ञांनी उभा चिरला आणि त्याच्या थरांमधल्या प्राणवायूच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण मोजलं. जोरदार पावसाच्या काळात थेंबात जड अणू कमी असतात, पाऊस ओढ देतो तेव्हा वाढतात, आणि थर त्याच क्रमानं एकावर एक बसलेले असतात. थराचं वय युरेनियमच्या ऱ्हासावरून निघतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इसवी सन ६०० ते १५०० एवढ्या काळाचा मोसमी पाऊस उलगडला. चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यावर त्यात पावसानं मोठ्या ओढी दिलेल्या दिसतात. दख्खनच्या परंपरेत ज्याला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणतात, जो बारा वर्षं टिकला असं सांगतात, तो चौदाव्या शतकाच्या अखेरीला सुरू झालेला. गावं उठली, नोंदी करणारे कारकूनही उठले, पण दंडकच्या अंधारात थेंब नोंद करत होता. त्याची नजर पैसेवारी वेगळी, सुधारित वेगळी आणि अंतिम वेगळी नव्हती. पन्नास पैशांच्या वर दाखवा म्हणून त्याला वरून फोनही आला नाही.

याहून मोठी गोष्ट मेघालयातली. चेरापुंजीजवळच्या मॉमलूह गुहेतल्या एका लवणस्तंभात ४,२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या अवर्षणाची खूण सापडली, आणि २०१८ मध्ये जागतिक भूवैज्ञानिक संघटनेनं पृथ्वीच्या इतिहासातल्या चालू कालखंडाची सुरुवात त्या खुणेवर ठरवली. कालखंडाचं नाव मेघालयन. तुम्ही, मी, ट्रम्प आणि अंबानी, सगळे सध्या एका मेघालयी लवणस्तंभाच्या तारखेनं राहतो आहोत. जिथं सर्वांत जास्त पाऊस पडतो तिथल्या दगडानं दुष्काळाची साक्ष द्यावी, हा विनोद निसर्गाला सुचला. आपण तिथंही जाऊन हत्ती शोधतो. १९७२ च्या आठवणी ज्या घरांत अजून जेवताना निघतात, २०१२-१३ मध्ये जिथं मोसंबीच्या वाळलेल्या बागा तोडून जळणाला लावाव्या लागल्या, त्या जालना जिल्ह्याच्या माणसाला पावसाची चौदाशे वर्षांपूर्वीची वही समोर उभी असताना मगर दाखवणं हे मला गैरव्यवस्थापन वाटतं.

शेवटचा प्रश्न गाइडच्या पोटाचा. हत्ती काढून घेतला तर तो काय दाखवणार आणि बक्षिशी कशावर मिळणार? पण हत्तीची मागणी त्याची नाहीच, आपली आहे. डोंगरात राहणाऱ्या त्या पोराला ठाऊक असतं की श्रावणात पाणी कोणत्या भेगेतून येतं, नदी कुठवर चढते, कोणता खांब अजून ओला आहे म्हणजे वाढतो आहे आणि कोणता कोरडा पडून थांबला आहे. हे त्याला कुणी विचारत नाही, म्हणून तो सांगत नाही. गिऱ्हाईक अळंबी मागतं, तो अळंबी देतो.

तेव्हा जाल तेव्हा विचारा: इथं पाणी कोणत्या महिन्यात सुरू होतं, यंदा किती गळलं, गेल्या वर्षी किती? बक्षिशी त्या उत्तरावर द्या. खांबाला हात लावू नका, हाताच्या तेलकटपणामुळे त्यावर नवा चुना नीट बसत नाही. आणि कुटुमसरला जायचं असेल तर पावसाळा संपल्यावर जा. चार महिने ती बंद असते, कारण तेव्हा आत पाणी भरतं आणि गुहेचं स्वतःचं काम चालू असतं.